वणव्यानंतर फुलणारं रोप: तळेगावच्या माळावरच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

कामाला सुरुवात. तळेगाव दाभाडेच्या परिसरातला एक गवताळ उतार आम्ही निरीक्षणासाठी धरला आहे. खालचा भाग गावचं गायरान, वरचा वनखात्याच्या हद्दीत. नेमकी जागा इथे लिहिणार नाही, ती आमच्या वहीतच राहील. जी वनस्पती मुळात मोजक्याच ठिकाणी आहे, तिचा पत्ता जाहीर करून तिचं भलं होत नाही.

वनस्पती म्हणजे डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा. अडुळशाच्या कुळातलं, जमिनीखाली लाकडी गड्डा असलेलं झुडुपवजा रोप. उत्तर सह्याद्रीतल्या उघड्या गवताळ उतारांवर वाढतं. असे उतार उन्हाळ्यात करपतात आणि बहुतेक वर्षी जळतातही. विज्ञानाच्या दृष्टीने ही जाती अगदी नवी आहे, याच वर्षी तिचं वर्णन ‘क्यू बुलेटिन’ या वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकात आलं.

या रोपाला दोनदा बहर येतो. पहिला पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्च-एप्रिलपर्यंत. दुसरा मे-जूनमध्ये, आणि तो वणव्यामुळे येतो. म्हणजे जळून गेल्यावर हे रोप पुन्हा फुलतं. आम्हाला तेच आमच्या डोळ्यांनी, एकाच जागी, सलग पाहायचं आहे. त्याला जोडून एक प्रश्न: आग न लावता नुसतं गवत कापून काढलं, तर काय होतं?

२४ नोव्हेंबर

चौकोन आखले. प्रत्येकी एक मीटर बाय एक मीटर, कोपऱ्यांना खुंट, भोवती सुतळी. तीन पट्टे ठरवले. पहिल्याला हात लावायचा नाही. दुसऱ्यातलं गवत फेब्रुवारीत विळ्याने कापायचं. तिसरा वरच्या बाजूचा, जो दरवर्षी जळतो असं गावात सगळे सांगतात. आम्ही स्वतः कुठेही काडी लावणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं आहे. वनहद्दीत आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. आणि गायरानातली आग वाऱ्याबरोबर कुठवर जाईल, याचा भरवसा कोणीच देऊ शकत नाही.

गवत कमरेला लागतंय. कुसळी पिकली आहे, तासाभरात सलवारभर कुसळं. मधे मधे पवन्या, ओलाव्याच्या जागी मारवेल. रोप शोधायला गवत हाताने बाजूला सारावं लागतं, उभ्याने नजर टाकली तर काहीच दिसत नाही.

आज एक फुलोरा भिंगाखाली नीट पाहिला. फूल फिकट जांभळं, दोन ओठांचं. डिक्लिप्टेरा या गटात (जीनसमध्ये) फुलाची नळी पिळवटलेली असते, त्यामुळे वरचा ओठ खाली आणि खालचा वर झालेला असतो. पुंकेसर दोनच. फुलांच्या प्रत्येक झुपक्याला तळाशी छदांची, म्हणजे फुलांखालच्या पानांसारख्या भागांची, जोडी, त्यांच्या कुशीत कळ्या. हे सगळं डिक्लिप्टेरांमध्ये नेहमीचंच. वेगळेपण मांडणीत आहे. इथे हे झुपके एकापाठोपाठ एक लागून कणसासारखा फुलोरा तयार होतो. भारतातल्या दुसऱ्या कुठल्याही डिक्लिप्टेरात अशी मांडणी नाही. या जातीचे सर्वांत जवळचे नातलग आहेत आफ्रिकेत.

८ डिसेंबर

सकाळी दव, दहानंतर लख्ख ऊन. ऊन चढलं तशा मधमाश्या आल्या. लेमन पॅन्सी फुलपाखरं सतत घिरट्या घालत होती. पॅन्सींच्या अळ्या अडुळशाच्या कुळातल्या वनस्पतींवर वाढतात, तेव्हा पानं उलटून तपासायची सवय आता लावून घेतो आहोत.

काही फळं तयार झाली आहेत. एक वाळलेली बोंडी चिमटीत धरली, तर तडकली. आतला बी धरून ठेवणारा भाग तळापासून सुटतो, उसळतो आणि बिया बाहेर उडवतो. कोरांटीच्या बोंड्या पावसात तडतडताना अनेकांनी ऐकल्या असतील, हे त्याच कुळातलं आहे. पण बी फार लांब जात नाही. हातभर, दोन हात. पक्ष्याच्या पोटातून किंवा वाऱ्यावर दूर जायची सोय नाही. एखादा उतार गेला तर शेजारच्या डोंगरावरून हे रोप सहजी परत येणार नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

२२ डिसेंबर

आज माळावर गेलो नाही. घरी बसून फोटो लावले आणि शोधाची हकिकत नीट लिहून काढली, कारण नव्याने येणारा प्रत्येकजण तीच विचारतो.

पहिले नमुने २०२० च्या वसंतात तळेगाव दाभाडेच्या गवताळ भागातून आदित्य धारप यांनी गोळा केले. पुढची काही वर्षं त्यांनी या रोपांवर लक्ष ठेवलं, कारण एका मोसमातल्या रोपावरून ओळख पटेना. पावसाळ्यानंतरचं रोप वेगळं दिसतं आणि वणव्यानंतरचं वेगळं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतले मंदार दातार आणि भूषण शिगवण त्यांच्यासोबत होते. लंडनच्या क्यू उद्यानातले इआन डार्बीशायर या कुळाचे जाणकार, त्यांनीही ही जाती नवीन असल्याचं मान्य केलं.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती सलग काही वर्षं त्याच उतारावर परत जाण्याची चिकाटी. वाळवणीच्या कागदात एक फांदी दाबून ही वनस्पती कळली नसती. आणि जागा पाहा: तळेगाव म्हणजे मुंबई-पुणे रस्त्यावरचं, लोकलने जाता येणारं गाव. दुर्गम जंगलच असायला हवं असं नाही. माळाकडे कोणी वनस्पती शोधायला जात नव्हतं, एवढंच.

१२ जानेवारी २०२५

फुलोरा चालू. गवत पूर्ण पिवळं. तितर ओरडत होते, चंडोल वर चढून गात होता. मोजणी झाली, वहीत आहे.

२७ जानेवारी

काल प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा होती, त्यात गायरानावर झाडं लावायचा विषय निघाला. येत्या पावसाळ्यात उतारावर गिरिपुष्प लावायचं, जमलं तर ऑस्ट्रेलियन बाभूळ. हेतू चांगलाच आहे, त्याबद्दल शंका नाही. डोंगर हिरवा दिसावा, गावाला सावली मिळावी, असं कोणाला वाटणार नाही?

आम्ही बोलण्याची परवानगी घेतली. फार शास्त्र सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की या उतारावर झाडं कमी आहेत म्हणून तो ओसाड नाही. इथली संपत्ती गवत आहे. गवतावर गुरं आहेत, गवतात तितर-लावे आहेत, आणि गवताच्या बुडाशी जगात फार कमी ठिकाणी असलेलं एक रोप आहे. त्याला उघडं ऊन लागतं. गिरिपुष्पाची दाट सावली आणि पानांचा थर पडला, की खालचं गवत जातं आणि गवताबरोबर हेही जातं. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाखाली काय उगवतं ते कोणीही जाऊन पाहावं.

एक आजोबा म्हणाले, “सरकारच्या कागदावर ही जमीन पडीकच आहे की.” ते बरोबर बोलले. अडचण तिथेच आहे. देशाच्या पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह निघतो, त्यात झुडपी माळ आणि गवताळ जागा पडीक म्हणूनच रंगवल्या जातात. पडीक म्हटलं की ती ‘सुधारायची’ ठरते. मग कधी झाडं, कधी सौर पॅनेल, कधी प्लॉट.

निर्णय झाला नाही. सरपंचताई म्हणाल्या, “तुम्ही मे महिन्यात आम्हाला तिथं नेऊन दाखवा. डोळ्यांनी बघू, मग ठरवू.” आम्ही लगेच हो म्हटलं.

१६ फेब्रुवारी

दुसऱ्या पट्ट्यातलं गवत कापलं. बुडापासून चार बोटं वर विळा चालवला, रोपाच्या जुन्या काड्याही त्याबरोबर गेल्या. कापलेलं गवत उचलून नेलं. ते तिथेच राहिलं तर सावली धरेल आणि तुलनाच चुकेल. तीन भारे झाले, ते गुराख्याच्या गोठ्यात पोचले.

पहिल्या आणि दुसऱ्या पट्ट्याभोवती जाळरेषा काढली. जमीन खरवडून गवत-काडी बाजूला केली, आग ओलांडू नये इतकी रुंद. वनरक्षक दादा स्वतः येऊन बघून गेले, वरच्या बाजूची त्यांची जाळरेषाही तयार आहे.

२ मार्च

परवा रात्री वरचा उतार जळला. कोणी लावली, कशी लागली, हे विचारत बसलो नाही.

सकाळी पोचलो तेव्हा राख गार झाली होती. तिसऱ्या पट्ट्यातले लाकडी खुंट गेले, लोखंडी पट्ट्या राहिल्या, त्यावरून चौकोन पुन्हा आखता आले. जाळरेषेने दोन्ही पट्टे वाचवले. रोपाचा मागमूस नाही. काळ्या जमिनीत कुठे कुठे बोटाएवढे करपलेले बुंधे, बस्स.

गुराखी मामा आले. म्हणाले, “ताई, जाळल्याबिगर नवं गवत फुटत न्हाई. आमच्या बापजाद्यांपासून असंच हाय.” मी विचारलं, “मामा, न जाळता कापलं तर?” ते म्हणाले, “कापलं तरी येतं. पर एवढा डोंगुर कापायचा कुणी?” त्यांच्या म्हणण्यात दोन्ही गोष्टी आल्या. आगीने जुनं वाळकं गवत हटतं, उजेड थेट जमिनीवर पडतो, कोवळा फुटवा लवकर येतो. हे काम विळाही करू शकतो, पण मजुरी परवडत नाही.

आगीबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, वणवा म्हणजे सर्वनाश. दुसरं म्हणतं, वणवा नैसर्गिक आहे, जळू द्या. मला दोन्ही पटत नाहीत. गवताची आग वेगाने पुढे सरकते, एका जागी फार वेळ थांबत नाही. माती उष्णता सहजी खाली जाऊ देत नाही, म्हणून काही बोटं खाली असलेल्या कळ्या जगतात. पण तीच आग झुडपी ओढ्यात शिरली तर तासन् तास धुमसते. मार्चनंतर लागली तर जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात. सरडे, नाकतोडे, कोष यांना पळायला जागा नसते. दरवर्षी एकच उतार जळत राहिला, तर बी पडून रुजलेल्या कोवळ्या रोपाला गड्डा जाड करायला वेळच मिळत नाही. जुनी रोपं आगीतून वाचतात म्हणून नवीही वाचतील असं नाही.

९ मार्च

गड्डा पाहायला मिळाला, आणि तोही खणावं न लागता. पायवाटेच्या कडेला मागच्या पावसात माती ढासळून उभी दरड झाली आहे, तिच्यात एका रोपाचा अर्धा गड्डा उघडा पडला आहे. जमिनीच्या पातळीपासून जेमतेम तीन बोटं खाली. सुंठेच्या मोठ्या कुडीसारखा वेडावाकडा, गाठाळ, साल तपकिरी आणि भेगाळलेली. नखाने टोकरून पाहिलं, टणक लाकूड. वरच्या अंगाला जुन्या फांद्यांच्या वणांची दाटी, म्हणजे अनेक वर्षांचे फुटवे येऊन गेलेले. त्या वणांच्या मधे मोहरीएवढे फिकट ठिपके. भिंगातून पाहिलं तर कळ्या! झोपलेल्या. खाली मुळं मुरमाच्या फटीत घुसलेली, किती खोल ते दिसत नाही.

खरं झाड हेच आहे. वर दिसते ती त्याची त्या वर्षापुरती पालवी. आफ्रिकेच्या सव्हानात अशा कित्येक वनस्पती आहेत, ज्यांचं बरंचसं लाकूड जमिनीखाली असतं आणि वर फक्त गुडघाभर फांद्या येतात. साधारण ऐंशी ते पन्नास लाख वर्षांपूर्वी उष्ण प्रदेशांत आजच्या धर्तीची गवताळ राने पसरली, त्यांच्याबरोबर आगही नित्याची झाली, आणि वनस्पतींच्या अनेक घराण्यांनी हा एकच मार्ग वेगवेगळा शोधला. आपल्या शिवालिक टेकड्यांच्या गाळातही त्या काळी गवत वाढल्याची खूण सापडते. माणसाने जंगल तोडलं म्हणून माळ झाला, हे काही ठिकाणी खरं असेल. सगळ्या माळांना ते लावणं चूक आहे. आगीशी जुळवून घेतलेला गड्डा पाच-पन्नास वर्षांत तयार होत नाही.

दरडीवर माती ओढून, वर दगड रचून गड्डा झाकला.

६ एप्रिल

ऊन असह्य. पहिल्या पट्ट्यात वाळलेली कणसं, बिया सांडून गेलेल्या. जळक्या पट्ट्यात गवताचे हिरवे कोंब फुटलेत, पाऊस नसताना. रोपाचं काही नाही.

माळटिटवीने दुसऱ्या पट्ट्याच्या कडेला अंडी घातली आहेत. खड्यांत खडे. पुढचे काही आठवडे त्या बाजूने जायचं नाही, सगळ्यांना कळवलं.

११ मे

आला. दुसरा बहर आला.

जळक्या पट्ट्यात गड्ड्यांतून थेट फुलोऱ्याचे कोंब निघालेत. पानं नावाला, उंची जेमतेम वीतभर, काही तर त्याहून बुटके. पण एका गड्ड्यातून हिवाळ्यापेक्षा कितीतरी जास्त काड्या, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या टोकाला कळ्या. नोव्हेंबरात गवतात हात घालून शोधावं लागायचं ते रोप आता पन्नास पावलांवरून दिसतं. काळपट मुरमावर जांभळे ठिपके, मधे कोवळं पोपटी गवत. दोन ऋतूंतले दोन फोटो शेजारी ठेवले तर ती एकच जाती आहे यावर विश्वास बसणार नाही. नव्या जातीला ‘पॉलिमॉर्फा’, म्हणजे बहुरूपी, म्हणायचं का सुचलं असेल, ते आज कळलं.

याचा हिशेब मला असा दिसतो. मे महिन्यात गवत उंच नाही, सावली नाही, स्पर्धा नाही. गड्ड्यात साठवण आहे. पाऊस महिन्याभरावर. आत्ता फूल, मग फळ, आणि बी पडतं ते थेट उघड्या मातीवर, पहिल्या सरींच्या तोंडावर. बी रुजायला याहून चांगली वेळ आणि जागा वर्षात दुसरी नाही. हा आमचा तर्क आहे, रोपटी मोजल्यावर खरं-खोटं ठरेल.

कापलेल्या पट्ट्यातही कोंब आलेत, मात्र बहुतेक पानांचे. काहींना कळ्या धरताहेत असं वाटतं. एवढ्यावरून काही म्हणणार नाही.

१८ मे

सरपंचताई, दोन सदस्य, शाळेचे गुरुजी आणि सात-आठ मुलं. पहाटे साडेसहाला चढलो. मुलांना भिंगं दिली. एक मुलगी फुलोऱ्यासमोर पालथी पडून इतका वेळ पाहत राहिली, की गुरुजींना हाक मारून उठवावं लागलं. तिने विचारलं, “मॅडम, हे जळतं तेव्हा त्याला कळतं का?” कळत असेल असं काहीतरी तिला सांगायचं होतं मला, पण खरं तेच सांगितलं: वरचा शेंडा गेला की झोपलेल्या कळ्यांवरचा लगाम सुटतो, हे बऱ्याच झाडांत होतं. या रोपाला आगीनंतर थेट फुलंच का येतात, ते शोधण्याचं काम तुमच्या पिढीला उरलंय.

सरपंचताई खाली बसल्या, एका काडीला हात लावून म्हणाल्या, “आणि आम्ही इथं खड्डे घेणार होतो.” झाडं ओढ्याच्या काठाला आणि शाळेच्या आवारात लावायची, अशी चर्चा उतरतानाच सुरू झाली. करंज, उंबर, जांभूळ. ओढ्याला ती शोभतातही.

२ जून

या वर्षी पावसाने कोणालाच सवड दिली नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून वळिवाचा धडाका, आणि केरळात २४ मे रोजी पोचलेला मान्सून २६ मे रोजी मुंबई-पुण्यात दाखल. मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची याआधी नोंद नाही.

माळ चिंब. फुलं झडली. बऱ्याच बोंड्या पिकण्याआधीच भिजून काळ्या पडल्या. ज्या आधी धरल्या होत्या त्यांतल्या काही तडकलेल्या सापडल्या. गवत आठवड्यात घोट्याच्या वर आलं. बहराचा शेवटचा निम्मा भाग पावसाने खाल्ला, आणि तोच भाग बी धरण्याचा. वळीव असाच लवकर आणि जोराचा येत राहिला तर दुसऱ्या बहराचा उपयोग किती उरेल, हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे.

२२ जून

धुकं आणि रिपरिप. जळक्या चौकोनांत द्विदल रोपटी दिसतात, पण कोवळेपणी ओळख पटवणं अवघड. प्रत्येकाजवळ रंगीत काडी रोवली, पुढे वाढली की पाहू. काळ्या मुसळीची पिवळी फुलं जागोजाग.

१४ डिसेंबर २०२५

नवा मोसम, जुनेच चौकोन. पहिला बहर भरात आहे, गेल्या मोसमात जळलेल्या भागातही.

ग्रामसभेत दाखवायला एक चांगली गोष्ट हाती आली आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा यंदाचा अभ्यास: तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयात आणि लोकपरंपरेत रानच्या कुठल्या वनस्पती येतात ते त्यांनी धुंडाळलं. बहुतेक निघाल्या त्या माळावरच्या, उघड्या गवताळ रानातल्या. म्हणजे आपल्या संतांच्या पायाखालीही माळच होता. गावात हे एका वाक्यात पोचतं, वैज्ञानिक नावं सांगावी लागत नाहीत.

ओढ्याकाठच्या करंजांनी मूळ धरलं आहे. गायरानावर खड्डे घेतले गेले नाहीत.

पुढची कामं: जानेवारीअखेर जाळरेषा. या वेळी वरचा उतारही दोन भागांत तोडायचा, म्हणजे आग लागलीच तर निम्माच जळेल आणि उरलेल्या निम्म्यातल्या कोवळ्या रोपांना एक वर्ष सुटी मिळेल. वनरक्षक दादांशी बोलणं झालं आहे. कापायचा पट्टा बदलायचा नाही. खुंट सगळे लोखंडी. रंगीत काड्यांजवळची जी रोपटी जगली आहेत, त्यांतल्या काहींची पानं आता या रोपासारखीच दिसू लागली आहेत. फूल आल्याशिवाय नाव लिहायचं नाही.